विश्वाचा आरंभ आणि बाबांचा श्वास

आई गेल्यानंतरची दोन वर्षं मी विहारात वंदनेला बसत होते, पण ते नुसतं बसणंच होतं. हात जोडलेले असायचे, ओठ हलायचे, आणि मन मात्र आईच्या दवाखान्याच्या फायलीत फिरत असायचं. तिला पहिल्यांदा दम लागला तो दिवस कोणता? त्या दिवशी आम्ही काय केलं? त्याच्या आधी महिनाभर ती थकल्यासारखी दिसत होती का? मी आजार मागे मागे नेत होते. एक सुरुवात सापडली की तिच्या आधीची आणखी एक दिसायची, आणि प्रत्येक सुरुवातीपाशी मला कोणीतरी दोषी हवं असायचं. कधी डॉक्टर, कधी बाबा, बहुतेक वेळा मी स्वतः. या नादात प्रार्थनेतला जीव कधी निघून गेला ते मला कळलंही नाही.

मी मंगरूळपीरला एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. गाव तिथून वीसेक किलोमीटरवर. लग्न केलं नाही, त्यामुळे घरात मी आणि बाबा दोघंच. रोज सकाळच्या एसटीनं जायचं आणि संध्याकाळच्या एसटीनं यायचं. माझी जीभ तिखट आहे आणि आपल्यालाच सगळं कळतं असा माझा समज आहे, हे आमच्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही ते ठाऊक होतं, पण त्याचा मला थोडा अभिमानच वाटायचा. वस्तीतली विज्ञान शिकलेली पहिली मुलगी मी. थोडा तोरा असणारच, असं मी स्वतःला सांगत असे.

आषाढ पौर्णिमेपासून वर्षावासाचे तीन महिने आमच्या विहारात ग्रंथवाचन चालतं. ते वाचायचं काम गेली तीस वर्षं बाबांचं होतं. पांढरा सदरा, पांढरं धोतर, आणि समोरच्या म्हाताऱ्यांना ऐकू जाईल असा खणखणीत आवाज. यंदा त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यांनी ते काम माझ्याकडे दिलं. मी नाही म्हणू शकले नाही. पण वर्गात अभ्यासक्रम उरकावा तशी मी पानं उरकत होते. बाबा मागच्या भिंतीला टेकून ऐकायचे. त्यांना समजत होतं, हे मला समजत होतं.

एका शनिवारी ते म्हणाले, "तू कॉलेजात पोराइले ते आकाशाचं सांगत जाते ना, जग कसं झालं ते. आमालेबी सांग की एकदा. उद्या रविवार हाय, खीरबी हाय. समदे येतीन."

मला ते एकदम आवडलं. ग्रंथ वाचताना जे माझ्यात उतरत नव्हतं ते इथे आपोआप उतरलं. रविवारी सकाळी मी फुगे, स्केचपेन आणि एक मोठी लाकडी पट्टी घेऊन विहारात गेले. न फुगवलेल्या फुग्यावर ठिपके काढले आणि म्हटलं, हा एकेक ठिपका म्हणजे एकेक आकाशगंगा समजा. मग फुगा फुगवत गेले. ठिपके एकमेकांपासून दूर जाऊ लागले. कोणत्याही ठिपक्यावर उभं राहिलं तरी बाकीचे आपल्यापासून दूर पळताना दिसतात, आणि फुग्याच्या पाठीवर मधला ठिपका असा कोणताच नाही, हे समजावलं. मग हवा सोडत उलटं दाखवलं. मागे मागे जात राहिलं तर जवळपास चौदाशे कोटी वर्षांपूर्वी सगळं एवढंसं, एकाच ठिकाणी, कल्पना करता येणार नाही इतकं तापलेलं. तिथून सगळं पसरत आलं आणि अजून पसरतंच आहे. लोक खरोखर ऐकत होते. बायका पदर दाताखाली धरून पाहत होत्या.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या गयामाय बोलल्या. ऐंशीच्या घरातली बाई, अंगठेबहाद्दर, पण वर्षावासातलं एकही वाचन चुकवत नाही.

"मंग त्याच्या आंधी काय होतं वं?"

मी म्हटलं, "आधी असं काही नाही, माय. काळच तिथून सुरू झाला."

"हे काय झालं? कोनाचा जनम झाला म्हनलं तं त्याची माय आंधी असतेच ना!"

सगळे हसले. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी परत समजावायला गेले आणि अडखळले, कारण खरं सांगायचं तर तिथे कोणालाच नीट ठाऊक नाही. मला ठाऊक नाही एवढं म्हणून सोडून द्यायला हवं होतं. तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला.

"गयाबाई, काही सवालाइचं उत्तर नसलं तरी चालते. तथागताले लोकाइनं इचारलं, जग कायम हाय का सरनार हाय. ते गप बसले."

बाबा माझी सुटका करत होते, हे आज मला स्वच्छ दिसतं. तेव्हा मात्र मला वाटलं, माझ्या विषयावर त्यांनी पाणी ओतलं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "उत्तर नसलं की गप्प बसायचं, ही सोय चांगली आहे, बाबा."

बाबा थोडं हसले. "बरं," म्हणाले, आणि खिरीच्या चुलीत जळण घालायला मागच्या दारानं बाहेर गेले.

विहाराच्या मागच्या भिंतीला पऱ्हाट्यांचा ढीग रचलेला असतो. कपाशीच्या वाळल्या काड्या, पावसाळ्यासाठी प्लास्टिकनं झाकून ठेवलेल्या. त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला बुद्धमूर्ती आहे. बाबांनी प्लास्टिक वर केलं, ढिगात हात घातला आणि काढला. मी दारात पोचले तेव्हा ते हाताकडे डोळे बारीक करून पाहत होते. "काडी टोचली का काय," म्हणाले. अंगठ्याच्या मुळाशी रक्ताचे दोन थेंब होते. चुलीपाशी असलेला माझा चुलतभाऊ प्रकाश ओरडला, "काडी नोय काका, साप हाय! शेपूट पाह्यलं म्या!"

पुढच्या काही मिनिटांत मी काय काय केलं ते मला आजही ओळीनं आठवतं, कारण नंतर मी ते हजारदा आठवून पाहिलं आहे. बाबांना पायरीवर बसवलं. हात हलवू नका म्हटलं आणि लाकडी पट्टी लावून ओढणीनं तो सैलसा बांधला. रुग्णवाहिकेला फोन केला. गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती, यायला पाऊण तास लागणार होता. कोणीतरी शेजारच्या गावातल्या मांत्रिकाचं नाव काढलं, तर मी त्याला असं झापलं की तो मागे सरकला. इथपर्यंत मी स्वतःवर खूष होते. अशा वेळीही डोकं ठिकाणावर आहे आपलं, असा विचार मनात येऊन गेल्याचं मला लख्ख आठवतं. त्याची आजही लाज वाटते.

मग मी म्हणाले, "साप सापडला पाहिजे."

डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारणार की साप कोणता, ही माझी पक्की खात्री होती. नाग होता, मण्यार होती की घोणस? कारण कळल्याशिवाय उपाय कसा करणार? वर्गात मुलांना मी असंच सांगत आले होते. गाडीला वेळ आहेच, तेवढ्यात साप शोधू. शिकलेली बाई सांगतेय म्हटल्यावर सगळी तरणी माणसं काठ्या घेऊन ढिगाला भिडली. आमच्या वस्तीत मांत्रिकाचं कोणी ऐकलं नसतं, पण माझं सगळ्यांनी ऐकलं.

प्रकाश म्हणाला, "जित्ता नाही सापडनार ताई. मारा लागंन."

"मारा," मी म्हणाले. "पण डोकं शाबूत ठेवा. ओळखायला लागेल."

ढीग उपसायला वेळ लागत होता. एकेक पेंढी काठीनं उचलून बाजूला टाकत होते. मी त्यांच्या मागे उभी राहून सूचना देत होते, इकडून बघा, तिकडून बघा. मधूनच वळून बाबांकडे पाहत होते. ते पायरीवर ताठ बसलेले, हात मांडीवर, डोळे अर्धवट मिटलेले. गयामाय म्हणाल्या, ध्यान लावून बसले. मलाही तेच वाटलं. मनातल्या मनात मी म्हटलं, बरं झालं, घाबरलेले नाहीत.

त्याच वेळी गल्लीत एक लोडिंग रिक्षा शिरली होती. मागे बादल्या, टब, मग, चाळण्या मनोऱ्यासारख्या बांधलेल्या, आणि भोंग्यावर माल घेण्याची हाक चालू. चालवणारा पन्नाशीचा माणूस, डोक्यावर जाळीची टोपी. गर्दी पाहून गिऱ्हाईक मिळेल म्हणून तो थांबला असावा. त्यानं भोंगा बंद केला, खाली उतरला, ढिगाकडे एकदा पाहिलं आणि मग बाबांकडे पाहिलं. सरळ त्यांच्यापुढे जाऊन बसला आणि त्यांच्या पापणीला बोट लावलं.

"बाई," तो ओरडला, "साप काय पाहून राह्यल्या तुमी? बुढ्याचे डोये पहा ना! पापन्या उचलूनच नाही राह्यल्या. ही नींद नोय."

मी धावत गेले. "बाबा," म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहायला मान मागे टाकली, कारण डोळे उघडत नव्हते. काहीतरी बोलले, पण आवाज नाकातून आला आणि शब्द एकमेकांत मिसळले.

"गाडी येतेय," मी म्हणाले. "साप कोणता ते कळलं की..."

"माह्या मामूले असंच झालं होतं. आमीबी सापच पाहून राह्यलो होतो. साप भेटला, मामू नाही भेटला. उचला!"

एवढं बोलून त्यानं रिक्षाच्या दोऱ्या सोडल्या आणि सगळा माल गल्लीत ओतला. बादल्या घरंगळत नालीपर्यंत गेल्या. त्यानं आणि दोघांनी मिळून बाबांना उचललं, मी मागे चढले, त्यांना कुशीवर घेऊन डोकं मांडीवर ठेवलं. रिक्षा निघाली तेव्हा मागून जल्लोष ऐकू आला. साप सापडला होता.

तो रस्ता मी रोज एसटीनं करते. खिडकीत बसून पेपर तपासते. त्या दिवशी तो संपेना. सिमेंटचं काम चालू असल्यानं अर्धा रस्ता उकरलेला, एका बाजूनंच वाहतूक. समोरून सोयाबीनवर फवारायच्या टाक्या घेऊन येणारा ट्रॅक्टर मध्येच अडकला, तर आमचा माणूस भोंग्याचा माईक हातात घेऊन ओरडला, "पेशंट हाय, पेशंट हाय, बाजू व्हा!" मी बाबांच्या तोंडावर वाकले होते. लाळ गिळता येत नव्हती, ती मी ओढणीनं पुसत होते. श्वास चालू होता, पण उथळ. प्रत्येक श्वासानंतर पुढचा येईल की नाही याची मी वाट पाहत होते. आणि डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. ही सोय चांगली आहे, बाबा. हे माझं त्यांच्याशी बोललेलं शेवटचं धड वाक्य ठरणार होतं.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी जखम पाहिली, डोळे पाहिले, मान उचलायला सांगितली, बाबांना ती उचलता आली नाही. त्यांनी नर्सला विषावरचं औषध आणायला सांगितलं. साप कोणता, हे त्यांनी विचारलंच नाही. मीच म्हटलं, "साप मागून येतोय, ओळखायला."

सलाईनमधून औषध सुरू झालं तेव्हा प्रकाश मोटारसायकलवरून पोचला. हातात खताची पिशवी. त्यानं ती मोठ्या उमेदीनं उघडली. डॉक्टरबाईंनी आत पाहिलं आणि चेहरा वळवला.

"हा कशाला मारला? औषध एकच असतं मॅडम, आपल्याकडच्या चारही विषारी सापांवर तेच. आम्ही पेशंट बघतो. किती वेळ झाला चावून?"

मी वेळ सांगितली. ढीग उपसण्यात गेलेली वीस मिनिटं त्यात होती. त्यांनी वेळ केसपेपरवर लिहून घेतली. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

वर्षावासात आमच्या विहारात मी कितीदा ऐकलं होतं, यंदा स्वतः वाचलंही होतं, की बाण लागलेल्या माणसानं बाण कोणी मारला, कोणत्या गावचा, धनुष्य कसलं, हे विचारत बसू नये. बाण आधी काढावा. मला ते कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. विहाराच्या पायरीपासून दहा पावलांवर उभं राहून मी नेमकं तेच करत होते आणि मला ते दिसलं नाही. माझ्या शिक्षणानं मला मांत्रिकापासून वाचवलं, आणि माझ्या घमेंडीनं बाबांना जवळजवळ घालवलं.

अर्ध्या तासानं बाबांचा श्वास इतका क्षीण झाला की घशात नळी घालावी लागली. श्वासाच्या यंत्राची सोय वाशिमला होती. रुग्णवाहिका दारात आली. बरोबर एक डॉक्टर होते, ते सलाईन, इंजेक्शन आणि फोन सगळं एकट्यानं सांभाळत होते. नळीला एक रबरी पिशवी लावली होती. ती हातानं दाबली की हवा आत जाते, सोडली की बाहेर येते. त्यांनी पहिली दहा-पंधरा मिनिटं ती दाबली, मग बाबांचा रक्तदाब उतरायला लागला म्हणून त्यांना दुसरीकडे हात घालावा लागला. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली.

"छाती वर आली पाहिजे, एवढंच बघायचं. दाबा, सोडा. चार मोजा. परत दाबा. थांबायचं नाही."

मी दाबलं. बाबांची छाती वर आली. सोडलं, ती खाली गेली. चार मोजले. परत दाबलं. सकाळचा फुगा आठवला आणि मला स्वतःचा संताप आला, इतका की मोजणं चुकलं आणि एक श्वास अर्धवट गेला. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, लक्ष कुठे आहे? झालेलं सोडा. हा श्वास बघा."

मग मी पाहिला. गाडी हलत होती, सायरन चालू होता, आणि माझ्या जगात ती एक छाती उरली होती. मी प्रार्थना करायचा प्रयत्न केला. आमच्याकडे वर बसून मागणं ऐकणारा कोणी नाही, आणि दोन वर्षं तर मी नुसती ओठ हलवणारी. कोणाला काय म्हणायचं ते सुचेना. बाबा वाचले तर अमुक करीन, असंही म्हणता येईना, कारण देवाणघेवाण करायची कोणाशी? मनात जे येत होतं ते सगळं हळूहळू गळत गेलं. साप, वीस मिनिटं, प्रकाशची पिशवी, आईची फाइल. पुढे काय होणार तेही गेलं. श्वास आत गेला. श्वास बाहेर आला. केव्हातरी माझ्या लक्षात आलं की मी रडत नाही आणि घाबरलेलीही नाही. माझा श्वास त्यांच्या श्वासाबरोबर चालला होता. मी वाचवतेय असं वाटणंही थांबलं होतं. हवा येत होती, जात होती, आणि ती माझी नव्हती. त्या अवस्थेला काय नाव द्यायचं मला माहीत नाही. कृपा हा शब्द आम्ही फारसा वापरत नाही. पण इतकी वर्षं डोळे मिटून जे मिळालं नव्हतं, ते त्या गाडीत डोळे सताड उघडे असताना मिळालं, एवढं खरं आहे.

वाशिमला पोचल्यावर डॉक्टरांना माझी बोटं एकेक करून पिशवीवरून सोडवावी लागली.

दोन दिवस बाबा यंत्रावर होते. तिसऱ्या दिवशी दुपारी पापण्या हलल्या. आधी डावी, मग उजवी. संध्याकाळी नळी काढली आणि दुसऱ्या दिवशी मला त्यांच्याजवळ बसू दिलं. मी सगळं पाठ करून गेले होते. आधी माफी मागायची, विहारात बोलले त्याची. मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर..."

त्यांनी बरा असलेला हात हलवला. घसा बसलेला, आवाज फाटका. "खरंच तं बोलली तू. सोयच हाय ते." आणि हसले. मग त्यांनी विचारलं, "साप कुठी हाय?"

मला वाटलं होतं, हे ते विचारणार नाहीत. मी पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला. खोटं बोलता आलं असतं. पळून गेला म्हटलं असतं तर प्रकाशनंही साथ दिली असती.

"मारला, बाबा," मी म्हणाले. "मीच मारायला सांगितलं."

त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "त्याचं काय चुकलं? म्याच त्याच्या घरात हात घातला." मग, "तू भेली होती. भेल्यावर मानूस असंच करते." आणि शेवटी, "त्याचं पुण्यानुमोदन कर."

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या नावानं पुण्यानुमोदन करतात. आपल्या हातून जे काही चांगलं झालं असेल त्यात गेलेल्यालाही वाटेकरी करून घ्यायचं. सापासाठी ते केल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. वस्तीतही कोणी ऐकलं नव्हतं. प्रकाश आधी हसला, मग माझा चेहरा पाहून कधी करायचं ते विचारू लागला.

बाबा घरी आल्यावरच्या रविवारी सगळे विहारात जमले. मी बाबांना हात धरून नेलं आणि खुर्चीत बसवलं. विहाराच्या कोपऱ्यात बादल्या आणि टब नीट रचून ठेवलेले होते. साप चावला त्या दिवशी वस्तीतल्या बायकांनी गल्लीतून, नालीतून सगळा माल गोळा केला, धुतला आणि तिथे आणून ठेवला होता. रिक्षावाल्याचा पत्ता मी शोधून पाहिला होता, पण मंगरूळपीरच्या दवाखान्यात आम्हाला उतरवून तो कधी गेला ते कोणालाच सांगता येत नव्हतं. नाव तेवढं कोणालातरी ठाऊक होतं, सलीमभाई. मनात मी त्याला जवळजवळ देवदूत करून टाकलं होतं. आणि वंदना सुरू व्हायच्या आत गल्लीत भोंगा वाजला. देवदूत स्वतः दारात उभा होता आणि विचारत होता, "माह्या बादल्या हायेत का जी इथी?"

मी त्याच्यापुढे हात जोडले आणि रडायला लागले. तो संकोचला. बाबांकडे पाहून त्याचा चेहरा उजळला. "बुढेबाबा, झाले का ठनठनीत?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "कायले रडता बाई? मी नसतो तं दुसरा कोनी आला असता."

मी यावर खूप विचार करू शकले असते. तो त्याच गल्लीत, त्याच वेळी कसा आला? त्याच्या मामाला तसं झालं नसतं तर त्यानं पापण्या ओळखल्या असत्या का? आणि मामाच्या आधी? पूर्वीची मी असते तर पुन्हा मागे मागे जात राहिले असते. त्या दिवशी मी त्याला आत बसायला सांगितलं. तो बादल्यांजवळ मांडी घालून बसला.

वंदना झाली. पुण्यानुमोदनाची वेळ आली तेव्हा मी अडले. गेलेल्याचं नाव घ्यावं लागतं. प्रकाश हळूच म्हणाला, "ताई, नाग होता तो. म्या पाह्यला, फना होता." सगळे माझ्याकडे पाहत होते. मी बाबांकडे पाहिलं.

"नाव कायले पाह्यजे?" बाबा म्हणाले. "जीव म्हन."

मी म्हटलं, या जिवाला. आणि तिथेच माझा आवाज गेला. दोन वर्षांत वंदना म्हणताना तो एकदाही गेला नव्हता. पुढचं गयामाय बोलल्या, मग सगळे बोलले. मी नुसती हात जोडून बसले. खुर्चीत बाबांचा श्वास चालू होता, तो मला ऐकू येत होता. त्या जीवदानाबद्दल माझं मन इतकं भरून आलं होतं की हात सोडवेनात. ते कोणापुढे जोडलेत, हे मी स्वतःला विचारलं नाही.